मूळ रंग : इतर

पार्सलवाल्याला आमचं घर सापडेना. फोनवर समजावून समजावून माझा घसा बसला, शेवटी मी दार उघडून बाहेर आलो. पाहतो तर समोरच्या घरातले मोजणीसाहेब त्याला हात लांब करून सांगत होते, "ते काय, ते रंग उडालेलं छप्पर दिसतंय ना? त्याच्या खाली."

त्याच्या खाली मी उभा होतो.

आता माणसाची ओळख लोक कशाकशावरून सांगतात! कुणाची घराण्यावरून, कुणाची हुद्द्यावरून. मी एका विमा कंपनीत तक्रार विभागाचा उपप्रमुख आहे. रोज चाळीस-पन्नास संतापलेल्या लोकांना 'आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे' असं सहीनिशी कळवतो. अठरा वर्षं या गल्लीत राहतोय, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. आणि शेवटी ओळख काय, तर रंग उडालेल्या पत्र्याखालचा इसम! पार्सल देताना त्या माणसाने आधी छपराकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे. माझ्या डोक्यावरची परिस्थितीही काही फार वेगळी नाही. मला लागायचं ते लागलं.

त्याच संध्याकाळी वरच्या खोलीत जाऊन मी जाहीर केलं, "येत्या रविवारी छप्पर रंगवायचं."

वरची खोली बायकोची. ती तिथे शिवणकाम करते, शाळांच्या नाटकांचे पोशाख शिवण्यात तिचा हातखंडा आहे. शिवणयंत्र न थांबवता तिने विचारलं, "कोण रंगवणार?"

"मी."

यंत्र थांबलं. "अहो, मागे तुम्ही खिडकी रंगवलीत, ती अजून उघडत नाही."

"तो खिडकीचा दोष होता."

"बरं, रंग कोणता देणार?"

"होता तोच. विटकरी लाल."

"लाल कुठला? जांभळा होता."

मी हसलो. नुसता हसलो नाही, मान मागे टाकून हसलो. या हसण्याची मला पुढे फार लाज वाटली, म्हणून इथे कबुली देऊन टाकतो. "अगं, जांभळं छप्पर कधी कुणी पाहिलंय का?"

"मी पाहिलंय. हे घर घेतलं त्या दिवशी," ती म्हणाली आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.

साक्षीला मोजणीसाहेबांना बोलावलं. हे भूमापन खात्यातून निवृत्त झाले. नोकरी सुटली, पण खिशातली टेप काही सुटली नाही. गल्लीत कुणी खुर्ची हलवली तरी ती किती इंच हलली ते त्यांच्याकडून कळतं. अठरा वर्षं ते रोज सकाळी चहा पिता पिता आमच्या छपरासमोर बसतात. त्यांनी डोळे बारीक करून वर पाहिलं आणि छातीठोक सांगितलं, "हिरवा. शंभर टक्के."

"बरं," मी म्हटलं, "मी आपला लाल देऊन मोकळा होतो."

"आणि परवानगी?"

"रंगाला परवानगी?"

"हमरस्त्यावरून दिसणाऱ्या छपराचा रंग बदलायचा तर नगरपालिकेची परवानगी लागते."

"पण मी बदलतोय कुठे! होता तोच देतोय."

"तोच म्हणजे कोणता?" मोजणीसाहेब म्हणाले. तक्रार विभागात मुरलेल्या माणसाप्रमाणे मी त्यांच्या भावनांची नोंद घेतली आणि नगरपालिकेचा रस्ता धरला.

नगरपालिकेत सात नंबरच्या खिडकीत एक बाई बसल्या होत्या. चष्मा कपाळावर, पेन केसांत. त्यांनी फॉर्म पुढे ओढला.

"मूळ रंग?"

"तोच तर उडालाय."

"'उडालेला' असा रकाना नाही. लाल, हिरवा, निळा, इतर. यातला सांगा."

"माझ्या मते लाल. शेजाऱ्यांच्या मते हिरवा. बायकोच्या मते जांभळा."

"घर कुणाच्या नावावर आहे?"

"बायकोच्या."

"मग तुमचं मत कशाला सांगताय?" असं म्हणून त्यांनी 'इतर'समोर खूण केली. "आता नमुना जोडा. ऊन न लागलेल्या भागाचा."

"बाई, छप्पर आहे ते. त्याला ऊनच लागतं."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मला त्या पहिल्यांदाच नीट पाहत होत्या आणि समोरचं दृश्य त्यांना फारसं पसंत पडलेलं दिसलं नाही. "दोन पत्रे एकावर एक चढतात ना? तिथे खालच्या पत्र्याची चार बोटं पट्टी झाकलेली असते. तिच्यावर मूळ रंग टिकतो. वरचा पत्रा जरासा सैल करा, बघा, तुकडा आणा. पुढचे कोण?"

मोजणीसाहेबांची शिडी घेऊन मी शनिवारी वर चढलो. 'जरासा सैल' हे शब्द माझ्या चांगले लक्षात होते. पण पहिला गंजलेला स्क्रू काढायला अर्धा तास लागला, आणि तो निघाला तेव्हा जो काही आनंद झाला म्हणता! माणूस दिवसभर टेबलावर कागद सरकवतो, त्याला हाताने काही उपटल्याचा अनुभव नसतो. दुसरा दहा मिनिटांत आला. तिसरा पाच. मग माझा हातच थांबेना. त्या भरात मी त्या पत्र्याचे सगळे स्क्रू काढले, ओळीने मांडले आणि कौतुकाने मोजत बसलो.

तेवढ्यात वारा आला. वादळ वगैरे काही नाही, कॅलेंडरचं पान फडफडावं इतपत. पत्रा एका बाजूने उचलला गेला, क्षणभर विचार करतोय असा उभा राहिला आणि मग गल्ली ओलांडून थेट मोजणीसाहेबांच्या अंगणात, दोरीवरच्या त्यांच्या पायजम्यांना घेऊन खाली बसला. आवाज असा झाला की गल्लीतली सगळी दारं उघडली.

अंगणात कुणी असतं तर? मी शिडीवरून कसा उतरलो ते मला आठवत नाही. धावत पलीकडे गेलो. मोजणीसाहेब सुखरूप होते. ते गुडघ्यावर बसून टेप गुंडाळत होते.

"एकोणतीस फूट चार इंच," ते म्हणाले.

"काय?"

"तुमचा पत्रा उडाला ते अंतर. वारा जोराचा असता तर पन्नास कुठे गेले नव्हते." मग माझा चेहरा पाहून त्यांनी मला पायरीवर बसवलं, पाणी दिलं. पायजम्यांचा विषय त्या दिवशी त्यांनी काढला नाही. दुसऱ्या दिवशी काढला.

उघडं पडलेलं भगदाड प्लास्टिकने झाकायला मी पुन्हा वर गेलो, तेव्हा ती चार बोटं पट्टी दिसली. गर्द जांभळी. वांग्याच्या सालीसारखी, चकचकीत. मी तिथे जरा जास्तच वेळ वाकून राहिलो असणार, कारण खालून बायकोने विचारलं, "काय दिसतंय?"

"जांभळा आहे," मी म्हटलं.

"अच्छा," ती म्हणाली आणि आत गेली.

हसली असती तर चाललं असतं. मान मागे टाकून हसली असती तरी मी सोसलं असतं. पण नुसतं 'अच्छा' म्हणजे हो!

पत्रा कापायचं अवजार माझ्याकडे नव्हतं, म्हणून सोमवारी रजा टाकून मी खालचा अख्खा पत्रा काढला आणि हातगाडीवर घालून नगरपालिकेत नेला. दहा फुटी पत्रा दारातून आत जाईना. पहारेकरी म्हणाला, धारदार वस्तू आहे, नाहीतरी नेता येणार नाही. शेवटी सात नंबरच्या बाई स्वतः बाहेर आल्या. पत्र्याकडे पाहिलं, हातगाडीकडे पाहिलं. "मी तुकडा म्हटलं होतं," एवढंच म्हणाल्या. तीन आठवड्यांनी पत्र आलं. मूळ रंग : इतर. प्रस्तावित रंग : इतर. बदल : नाही. सबब परवानगीची आवश्यकता नाही. जी गोष्ट लागतच नव्हती ती मिळवायला तीन आठवडे लागले. तोवर दोन पत्र्यांच्या जागी प्लास्टिक रात्रंदिवस फडफडत होतं. मी पत्र फ्रेम करावं म्हणत होतो, पण घरात तेव्हा विनोदाला अनुकूल हवा नव्हती.

दोन्ही पत्रे मी कसेबसे जागेवर बसवले, तोच मेव्हणा आला. याचं गाड्या धुण्याचं दुकान आहे. "दाजी, रंगाआधी पत्रा धुवायला पाहिजे," तो म्हणाला. "ब्रशने घासत बसाल तर निवृत्त व्हाल. माझा पंप आणतो. वीस मिनिटांचं काम."

आणि काय सांगू, तो पंप! नळीच्या तोंडातून पाणी असं सुटायचं की शेवाळ, धूळ, अठरा वर्षांतलं पक्ष्यांचं योगदान, सगळं चळचळा वाहून चाललं. मी शिडीवर उभा राहून गात होतो. मेव्हणा खालून "डावीकडे, दाजी, डावीकडे!" म्हणून ओरडत होता. एवढ्या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच काहीतरी सुरळीत चाललं होतं. यावरूनच मला संशय यायला हवा होता.

पत्र्याच्या प्रत्येक स्क्रूखाली रबराचा एक वॉशर असतो. पाणी आत येऊ नये म्हणून. अठरा वर्षांनी तो वॉशर नुसता म्हणायला वॉशर उरतो. साधा पाऊस तो कसाबसा थोपवत होता, पण पंपाशी त्याची गाठ कधी पडली नव्हती. छताला जेवढे स्क्रू होते तेवढ्या धारा वरच्या खोलीत लागल्या होत्या. गंजाच्या, तांबड्या.

त्या धारांखाली दोरीवर अकरा राजहंस टांगलेले होते.

आमच्या घरामागच्या शाळेत मुलांचं नाटक होतं. त्यातल्या राजहंसांचे पोशाख. पांढरं सॅटिन, पंखांना एकेक पीस हाताने टाचलेलं. बायको महिनाभर त्यावर बसली होती. मी वर गेलो तेव्हा ती खोलीच्या मधोमध उभी होती आणि एका हंसाच्या मानेवरून ओघळणारी तांबडी धार बोटाने पुसत होती. ती पुसली जात नव्हती, पसरत होती.

मी म्हटलं, "अगं, मला कल्पना..."

"ठीक आहे," ती म्हणाली.

ज्यांचं लग्न झालेलं आहे त्यांना या 'ठीक आहे'चा अर्थ सांगायला नको. मेव्हण्याला बहिणीचं ते 'ठीक आहे' खालपर्यंत ऐकू गेलं. चार मिनिटांत पंप गुंडाळून तो दिसेनासा झाला.

बायकोने नवं सॅटिन आणलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. नाटकाला बारा दिवस उरले होते. घरात बोलणं कामापुरतं चाललं होतं, 'मीठ द्या', 'दार लावा' वगैरे. मी विचारलं, "काही मदत करू?"

"तुम्ही छप्पर बघा."

"शनिवारी चार वाजता मी नाटकाला येतो. पहिल्या रांगेत बसतो. शप्पथ."

"बघू," ती म्हणाली. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे तिला आणखी काही म्हणायचं होतं का ते कळलं नाही.

मग मात्र मी अक्कल गहाण ठेवलेली सोडवून आणली. रंगाच्या दुकानदाराने एक रंगारीणबाई सुचवल्या. पन्नाशीच्या, काटक, स्वतःची शिडी सायकलला बांधून आल्या. वर जाऊन एक फेरी मारली आणि वरूनच विचारलं, "हे पत्रे कुणी बसवले हो?"

"आधीच्या मालकांनी," मी म्हटलं.

"यांनीच! यांनीच!" समोरून मोजणीसाहेब ओरडले.

बाई कामाला मोठ्या चोख. सगळे स्क्रू बदलले, नवे वॉशर घातले, तारेच्या ब्रशने गंज खरवडला, प्रायमर दिला, मग रंगाचा पहिला हात. मी रजा टाकून हाताखाली होतो. पहिल्या दिवशी त्या मला 'साहेब' म्हणत. दुसऱ्या दिवशी 'दादा'. तिसऱ्या दिवशी "अहो स्क्रूवाले, डबा द्या इकडे" म्हणाल्या. इतक्या झपाट्याने पदावनती आमच्या कंपनीतही होत नाही. पण का कोण जाणे, मला त्याचं वाईट वाटलं नाही. डबा वेळेवर दिला की त्या 'शाब्बास' म्हणत, आणि कंपनीत मला तेवीस वर्षांत कुणी शाब्बास म्हटलेलं नाही.

शनिवारी दुसरा हात. बाईंनी मागचा उतार दुपारी एकपर्यंत उरकला. "पुढचा उद्या करते," त्या म्हणाल्या. "दुसरीकडे काम आहे. कशाला हात लावू नका."

त्या गेल्या. मी जेवलो. इस्त्री केलेला शर्ट खुंटीवर तयार होता. घड्याळात दीड वाजला होता. चारला अजून अडीच तास. खाली डब्यात रंग, डब्यावर ब्रश. मनात आलं, पुढचा उतार तेवढा आपण केला तर? सगळं छप्पर नाही म्हणता येणार, पण निम्मं तरी मी रंगवलं असं म्हणता येईल. मोजणीसाहेबांनाही दिसेल.

सुरुवात मी शिडीपासून केली, कारण शिडी तिथेच होती. हात छान बसला होता. वरच्या बाजूला सरकत सरकत, मन लावून, पत्र्याची एकही नाळी सुटू न देता मी रंगवत गेलो. अडीचच्या सुमाराला पाठ टेकायला मागे पाहिलं. मागे आढं होतं. आढ्यापलीकडे बाईंनी रंगवलेला ओला उतार. पुढे मी रंगवलेला ओला उतार. खाली, जांभळ्या समुद्रापलीकडे, शिडीची दोन टोकं. अख्ख्या छपरावर कोरडी जागा उरली होती दीड फूट बाय दोन फूट, आणि ती माझ्या बुडाखाली होती.

मोजणीसाहेब अंगणात येऊन उभे राहिले. त्यांनी सगळं बराच वेळ पाहिलं. टेप काढली नाही, यावरून प्रसंगाचं गांभीर्य ध्यानात यावं.

"आता पाय ठेवू नका," ते म्हणाले. "ओला रंग, उतार बावीस अंश. सरळ माझ्या अंगणात याल."

साडेतीनला बायको बाहेर आली. खांद्यावर पिशवी, हातात टाचण्यांची डबी. माझा शर्ट तिने येताना बघितला असावा, खुंटीवरच. तिने आधी दारामागे पाहिलं, मग गल्लीत, मग मोजणीसाहेबांच्या बोटाच्या दिशेने वर.

"अगं, मी येतो," मी वरून म्हटलं. "घसरत येतो. रंग गेला तर गेला!"

"जागचे हलू नका!" ती ओरडली. बारा दिवसांतलं तिचं हे पहिलं मोठं वाक्य. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हात-पाय मोडून पहिल्या रांगेत बसण्यापेक्षा राहा तिथेच." आणि ती निघाली. गल्लीच्या वळणापर्यंत मला तिची पाठ दिसत होती. तिने वळून पाहिलं नाही. पाहावं असं मी काही केलंही नव्हतं.

उन्हात तापलेल्या पत्र्यावर एकटं बसलं की माणसाला स्वतःविषयी खूप काही कळतं, आणि त्यातलं फारसं काही चांगलं नसतं. मी तोंड फिरवून आढ्यावर बसलो. आणि तिकडे, घरांच्या मागे, झाडांच्या फटीतून मला शाळेचं मैदान दिसलं. मैदानातला मंच, समोर खुर्च्यांच्या रांगा. पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी होती. ती माझी असेलच असं नाही, पण मला ती माझीच वाटली.

वाऱ्यावर बाजाचे सूर येत होते. हंस एकेक करून बाहेर आले. मी मोजले, दहा. पुन्हा मोजले, दहाच. मग अकरावा धावत आला आणि मी मोठ्याने "आला!" म्हणालो. गोल फिरताना एका हंसाचा पंख सुटून लोंबायला लागला. तेवढ्यात पडद्याआडून एक बाई वाकून पुढे आली, त्याच्याजवळ गुडघ्यावर बसली, तोंडातून टाचण्या काढून पंखाला लावल्या आणि तशीच वाकून मागे गेली. टाचणी एवढ्या लांबून दिसणं शक्य नाही, हे मोजणीसाहेबांनी मला नंतर मोजून सांगितलं. पण मला दिसली. शेवटी सगळ्या मैदानाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. हातातला ब्रश सुटला आणि नव्या रंगावर पट्टा ओढत वळचणीखाली गेला.

"कुणासाठी टाळ्या?" खालून मोजणीसाहेबांनी विचारलं.

"माझ्या बायकोसाठी," मी म्हटलं.

ती सहाला परत आली. शिडीपाशी थांबली.

"कसं झालं?" मी विचारलं.

"झालं."

"तिसऱ्या हंसाचा डावा पंख सुटला होता."

ती दाराकडे निघाली होती, ती थांबली.

"मग तू आलीस," मी म्हटलं. "गुडघ्यावर बसलीस. दोन टाचण्या लावल्यास. आणि जाताना त्या टोकाचा हंस उलटीकडे तोंड करून उभा होता, त्याला खांद्याला धरून सरळ केलंस."

तिने वर पाहिलं. माझ्याकडे, मग माझ्यामागे जिकडे शाळा आहे तिकडे. पिशवी तिने पायरीवर ठेवली. शिडी कुरकुरली. एकेक पायरी चढत तिचा चेहरा वळचणीवर आला.

"तिसऱ्याचा नाही," ती म्हणाली. "चौथ्याचा."

"मी इकडून मोजत होतो."

"आणि टाचण्या तीन होत्या."

"तिसरी मला दिसली नाही."

"दिसणार कशी? ती माझ्याच बोटात गेली." तिने बोट वर केलं, आणि ती हसली. मग शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर नीट टेकून उभी राहिली आणि सांगू लागली. अकरावा हंस उशिरा आला कारण तो पडद्यामागे रडत बसला होता, त्याला आपली चोच नको होती. उलट्या तोंडाच्या हंसाला त्याची आजी मागच्या बाजूला दिसली होती. मुख्य बाईंनी पिसांना हात लावून विचारलं, ही खरी आहेत का? ती सांगत होती, मी छपराच्या दुसऱ्या टोकाला बसून ऐकत होतो. ती इतकी वर्षं हे पोशाख शिवते, पण पडद्यामागे काय होतं ते मी कधी विचारलंच नव्हतं.

मध्येच ती म्हणाली, "अहो, वाळला का बघा ना. अंधार पडायच्या आत उतरायला हवं."

मी शेजारच्या नाळीवर बोट टेकवलं, चांगलं दाबून पाहिलं. बोटाला काही लागलं नाही.

"नाही," मी म्हटलं, "अजून ओला आहे जरा."

तिने तिच्या बाजूला पत्र्यावर तळवा ठेवला. उचलला. तळवा स्वच्छ होता. तो तिने पाहिला, आणि मी पाहतोय हेही पाहिलं.

"हो," ती म्हणाली, "इकडेही ओलाच आहे." आणि मग तिने पाचव्या हंसाची गोष्ट सुरू केली.